नवी बिल्टी: सोलापुरातून ऑनलाइन माल विकणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सोलापुरातून चादरी, टॉवेल, गणवेश, शेंगा चटणी, कडक भाकरी ऑनलाइन विकणारे सर्व व्यापारी बंधुभगिनी,
आणि आपल्या व्यापारी संघटनांचे पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात अशोक चौकाजवळच्या एका कारखानदारांचा फोन आला. वयानं माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. म्हणाले, "ताई, बँकेत जमा झालेले पैसे परत कसे जातात? मी कुणाला चेक दिला नाही, कशावर सही केली नाही." गिऱ्हाइकांचे ऑनलाइन पैसे गोळा करून आपल्या खात्यात भरणाऱ्या पेमेंट कंपनीनं त्यांच्या त्या दिवशीच्या सेटलमेंटमधून, म्हणजे जमा करायच्या रकमेतून, ३१,००० रुपये वळते करून घेतले होते. कारण सांगणारा ईमेल आला होता, पण तो पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलाच्या पत्त्यावर. उत्तर द्यायची मुदत चार दिवसांपूर्वीच संपली होती. त्यांना त्या दिवशी मी काहीही मदत करू शकले नाही. फोन ठेवल्यावर वाटलं, मला जे ठेच लागून कळलं ते मी आधीच सगळ्यांना सांगायला हवं होतं. म्हणून हे पत्र: गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून कार्डाचे पैसे असे परत जाणं, ज्याला चार्जबॅक म्हणतात, त्याबद्दल आणि ऑनलाइन फसवणुकीबद्दल.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्या घरातली सून. सासऱ्यांचे आठ माग होते, आता चार चालतात. ऑनलाइन विक्री सुरू करून मला सात वर्षं झाली. सासरे जुन्या वळणाचे व्यापारी. त्यांच्या काळी परगावच्या नव्या व्यापाऱ्यानं माल मागवला की गठ्ठे ट्रान्सपोर्टनं जायचे, पण बिल्टी, म्हणजे माल सोडवायची ट्रान्सपोर्टची पावती, त्या व्यापाऱ्याच्या हाती जायची नाही. ती त्याच्या गावच्या बँकेत जायची. त्यानं बँकेत पैसे भरायचे, बिल्टी सोडवायची आणि ती दाखवून ट्रान्सपोर्टच्या गोदामातून माल उचलायचा. "मालाच्या मागं कागद असतो. कागद आपल्याकडं आहे तोवर माल आपला," असं सासरे आजही म्हणतात.

ऑनलाइन धंद्यात हा कागद आपल्या हातून सुटला. पैसे आधी येतात म्हणून आपण निर्धास्त झालो. पण कार्डानं आलेला पैसा आला म्हणजे आपला झाला, असं नसतं. कार्डाच्या जाळ्यांच्या नियमांत बहुतेक तक्रारींना साधारण १२० दिवसांची मुदत आहे. म्हणजे दिवाळीला विकलेल्या चादरीचे पैसे जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकल्यावरही परत मागितले जाऊ शकतात. तेवढ्या काळात आपण त्या पैशातून सूत घेतलेलं असतं, रंगाचं बिल भागवलेलं असतं, कामगारांचा आठवड्याचा पगार केलेला असतो.

माझं स्वतःचं नुकसान सांगते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर अमेरिकेतून तीन दिवसांत तीन ऑर्डरी आल्या. टर्किश टॉवेलचे सेट आणि डबल चादरी, मिळून ८६,४०० रुपये. नाव एकच. पहिल्या दोन कार्डांवर पेमेंट नाकारलं गेलं होतं, तिसऱ्यावर झालं. पत्ता घराचा नव्हता, पार्सलं पुढं पाठवणाऱ्या कुठल्याशा गोदामाचा होता. आणि गिऱ्हाइकानं सगळ्यात महागडं, सगळ्यात लवकर पोहोचणारं कुरिअर निवडलं होतं. भाडं ऐकून मलाच धस्स झालं होतं, त्याला काहीच वाटलं नाही. आज हे लिहिताना एकेक खूण डोळ्यांपुढं येते. तेव्हा मात्र आम्ही सगळे रात्री अकरापर्यंत बसून पॅकिंग केलं, सासूबाईंनी स्वतः घड्या घातल्या, आणि सोलापूरचा माल सातासमुद्रापार चालला म्हणून आनंदानं पेढे वाटले.

जानेवारीत ईमेल आला. कार्डाच्या खऱ्या मालकानं बँकेला कळवलं होतं की हा व्यवहार मी केलेलाच नाही. पैसे आधीच वळते झाले होते, उत्तराला सात दिवस होते. मी कुरिअरची पोच, बिल, पार्सलचे फोटो, सगळं पाठवलं. तरी हरले. माल गेला, पैसे गेले, परदेशी कुरिअरचं भाडं गेलं आणि वर तक्रार हाताळण्याचं शुल्कही कापलं गेलं.

का हरले, हे कळायला मला बरेच महिने लागले. प्रश्न होता "कार्ड कुणी वापरलं?" आणि मी उत्तर देत होते "माल कुठं पोहोचला." चोरानं सांगितलेल्या पत्त्यावर माल पोहोचला, एवढंच माझ्या कागदांनी सिद्ध केलं. चार्जबॅकच्या प्रत्येक तक्रारीला कारणाचा एक क्रमांक असतो, आणि त्या कारणाला लागू पडेल तोच पुरावा चालतो. "मी व्यवहार केला नाही" याला एक उत्तर, "माल मिळाला नाही" याला दुसरं, "दाखवलं एक आणि आलं भलतंच" याला तिसरं. ईमेल आला की आधी ते कारण वाचा. समजलं नाही तर पेमेंट कंपनीला फोन करून समजून घ्या, मगच कागद जमवायला लागा.

ही साखळी कशी चालते तेही थोडक्यात सांगते. गिऱ्हाईक आपल्या बँकेकडं तक्रार करतं. ती बँक व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रूपेच्या जाळ्यातून आपल्या बाजूच्या बँकेकडं मागणी पाठवते. तिथून ती पेमेंट कंपनीकडं आणि शेवटी आपल्याकडं येते. प्रत्येक टप्प्यावर दिवस खर्च होतात, म्हणून आपल्या वाट्याला थोडेच उरतात. ग्राहकाला संरक्षण असणं मला मान्य आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार तिसऱ्याच कुणी फसवणूक केली असेल आणि ग्राहकानं बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही आणि बँकेनं दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम त्याच्या खात्यात दाखवायची असते. माझ्या आईच्या खात्यातून कुणी पैसे काढले तर मलाही हाच नियम हवा. पण ज्या दुकानानं खरा माल खऱ्या भावानं पाठवला त्याला असं कवच त्या परिपत्रकात नाही. ते आपलं आपल्यालाच शिवावं लागतं.

आता परदेशी कार्डांचं. आपल्या देशातल्या कार्डांना ऑनलाइन व्यवहारात ओटीपीसारखी दुसरी पडताळणी ऑगस्ट २००९ पासून सक्तीची आहे. ती झालेली असेल तर "मी केलंच नाही" या तक्रारीचा बोजा बहुतेक वेळा कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. बाहेरच्या देशात दिलेल्या कार्डांना आपली ही सक्ती लागू नाही. तिथं कार्डाचा नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे कुठून तरी चोरले की काम भागतं. म्हणून ज्यांच्या साइटवर परदेशी कार्ड चालतं त्यांनी आजच पेमेंट कंपनीला विचारा: परदेशी कार्डांना थ्रीडी सिक्युअर, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेकडून होणारी ओटीपीसारखी पडताळणी, लावता येते का? लावता येत असेल तर लावा. पडताळणी न झालेली मोठी ऑर्डर एक दिवस थांबवा, गिऱ्हाइकाला फोन करा. खरं गिऱ्हाईक रागावत नाही, हा माझा अनुभव आहे. न्यू जर्सीतल्या एका मराठी ताईंना मी असाच फोन केला तर त्यांनी अर्धा तास माहेरच्या गप्पा मारल्या, त्या अक्कलकोटच्या निघाल्या. चोर मात्र फोन उचलत नाही, किंवा उचलला तर एकच धोशा लावतो, माल कधी निघतो?

परदेशी माल आता मी पाठवत नाही असं नाही. पाठवते. पण नव्या गिऱ्हाइकाच्या पहिल्या ऑर्डरीला रकमेची मर्यादा आहे, आणि एकाच ऑर्डरीसाठी दोन कार्डं नाकारली जाऊन तिसरं लागलं असेल तर ती ऑर्डर माझ्या परवानगीशिवाय पॅकिंगच्या टेबलावर जात नाही. जुन्या गिऱ्हाइकांच्या बाबतीत व्हिसानं एप्रिल २०२३ पासून एक चांगली सोय केली आहे. "मी व्यवहार केला नाही" अशी तक्रार आली, आणि त्याच कार्डावरून आपल्याकडं आधी झालेले, तक्रारीच्या तारखेच्या १२० ते ३६५ दिवस आधीचे, फसवणुकीची तक्रार नसलेले दोन व्यवहार आपण दाखवू शकलो, आणि त्यांतल्या खुणा या व्यवहाराशी जुळल्या, तर जबाबदारी आपल्यावरून उतरते. खुणा म्हणजे आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), मोबाइल किंवा संगणकाची ओळख, लॉगिन, डिलिव्हरीचा पत्ता. निदान दोन जुळाव्या लागतात, आणि त्यांत आयपी पत्ता किंवा उपकरणाची ओळख यांपैकी एक हवीच. ज्यानं साइट बनवून दिली त्याला एवढंच विचारा की या नोंदी दीड वर्ष तरी राहतात का. राहत नसतील तर ठेवायला सांगा.

आता आपल्याकडं रोज घडतं ते. "माल मिळाला नाही" आणि "वेगळाच माल आला."

या दोन्ही तक्रारींना उत्तर म्हणून मी ठेवते तो कागद म्हणजे माझी नवी बिल्टी. प्रत्येक ऑर्डरीचं एक पाकीट आहे, संगणकात. त्यात बिल, गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं, पॅकिंगचा व्हिडिओ, कुरिअरच्या काट्यावरचं वजन आणि डिलिव्हरीची पोच. व्हिडिओत ऑर्डर नंबर, चादरीची किनार, शिक्का आणि पार्सल बंद होताना दिसतं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. वजनाचं महत्त्व मला उशिरा कळलं. एका गिऱ्हाइकानं "आत एकच चादर होती" अशी तक्रार केली. आमच्या पावतीवर निघतानाचं वजन दोन चादरींचं होतं आणि पोहोचवतानाच्या नोंदीतही तेवढंच. तक्रार तिथंच मिटली. महाग मालाला डिलिव्हरीच्या वेळी ओटीपी घेणारं कुरिअर घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि गिऱ्हाइकाचा "चादर छान आहे, आईला आवडली" असा मेसेज आला तर तो नुसता वाचून सोडू नका, पाकिटात ठेवा. नागपूरच्या एका तक्रारीत आम्ही जिंकलो ते केवळ अशा एका मेसेजमुळं.

परत आलेलं पार्सलसुद्धा कॅमेऱ्यासमोरच उघडा. नवीन चादर जाते आणि कुणाच्या तरी घरची विटलेली परत येते, हे आपल्यापैकी अनेकांनी सोसलंय. सीओडीत, म्हणजे माल हाती पडल्यावर पैसे द्यायच्या ऑर्डरीत, तर रिकामं पार्सल परत आल्याचं ऐकलंय.

पण इथं आपल्या बाजूचंही बोललं पाहिजे. "दाखवलं एक, आलं भलतंच" या सगळ्याच तक्रारी खोट्या नसतात. फोटोतला लाल रंग स्क्रीनवर वेगळा दिसतो. सुती चादर पहिल्या धुण्यात थोडी आटते, गडद रंग सुरुवातीला उतरतो, हे आपल्याला ठाऊक असतं, गिऱ्हाइकाला नसतं. ते साइटवर मराठीत, हिंदीत, इंग्रजीत लिहून ठेवा. माप इंचांत द्या, वजन ग्रॅममध्ये द्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळून वीसेक वर्षं झाली, तरी आपल्या गावाच्या नावावर बाहेरचा हलका माल सर्रास विकला जातो. त्यात एकदा फसलेलं गिऱ्हाईक आपल्याकडं आलं की संशय घेऊनच येतं. चादर कुठं, कशावर विणली, सूत कोणतं, हे दोन ओळींत लिहिलं तर निम्मी भांडणं उगवतच नाहीत. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीही तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायला सांगितलंच आहे. नियम सोडा, ज्याचा फोन आपण उचलतो तो माणूस बँकेत जातच नाही.

माझ्या दुकानाचं नाव वेगळं आणि सासऱ्यांच्या फर्मचं नाव वेगळं. गिऱ्हाइकाच्या कार्डाच्या स्टेटमेंटवर फर्मचं नाव दिसायचं. पुण्याच्या एका बाईंनी ते पाहिलं, ओळखलं नाही, आणि बँकेला कळवलं की हे पैसे कुणी चोरले. सुदैवानं माझा फोन लागला. त्या बिचाऱ्या इतक्या ओशाळल्या की तक्रार मागे घेतलीच, शिवाय आणखी दोन चादरी घेतल्या. दोष त्यांचा नव्हताच, माझा होता. पेमेंट कंपनीला एक अर्ज दिला आणि स्टेटमेंटवर दुकानाचं नाव येऊ लागलं. तुमचं नाव तिथं काय दिसतं, हे स्वतःच्या कार्डानं एक रुमाल विकत घेऊन आज बघा. घरातल्याच कुणीतरी कार्ड वापरलं आणि मालकाला माहीत नाही, असंही पुष्कळदा होतं. तिथंही ओळखीचं नाव पाहिलं की माणूस आधी घरात विचारतो.

आणखी एक चूक, जी मी एकदा केली आणि पैसे दोनदा गेले. चार्जबॅक आलेला असताना गिऱ्हाइकाला वेगळा रिफंड देऊ नका. तक्रार रास्त असेल तर तीच मान्य करा, पैसे त्या वाटेनंच जातील. रिफंड द्यायचाच तर तो तक्रार व्हायच्या आधी, आणि ज्या मार्गानं पैसे आले त्याच मार्गानं. रिझर्व्ह बँकेनं १७ मार्च २०२० च्या पेमेंट कंपन्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांतही, ग्राहकानं स्वतः दुसऱ्या मार्गाला होकार दिला नसेल तर मूळ मार्गानंच रिफंड द्यावा असं म्हटलं आहे.

हे मूळ मार्गाचं मी इतकं का सांगते, ते यूपीआयकडं वळल्यावर कळेल.

यूपीआयवर पिनसारख्या पडताळणीशिवाय सहसा पैसे जात नाहीत, त्यामुळं कार्डासारखी "मी केलंच नाही" ही तक्रार तिथं सहसा चालत नाही. तिथली फसवणूक निराळी आहे. कुणीतरी तुम्हाला ७,५०० ऐवजी १७,५०० पाठवतो आणि गयावया करून सांगतो, "चुकून जास्त गेले, माझ्या भावाच्या या नंबरवर दहा हजार परत पाठवा." पैसे खरोखर जमा झालेले असतात. तुम्ही माणुसकीनं परत पाठवता. पण ते पैसे त्याचे नसतातच, दूर कुठल्या तरी गावात फसवल्या गेलेल्या एखाद्या आजोबांचे असतात. आजोबा सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करतात, पैशाचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो, आणि तुमचं खातं होल्डवर जातं, म्हणजे त्यातले पैसे अडकतात. जास्त आलेले पैसे परत द्यायचेच, पण ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, बँकेला कळवून. भावाच्या, मित्राच्या, ड्रायव्हरच्या नंबरवर कधीही नाही.

आमच्या गल्लीतल्या एका टॉवेलवाल्या घरावर ही पाळी आली. चोरीच्या पैशातून कुणीतरी ४,२०० रुपयांचा माल घेतला होता, आणि परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून बँकेनं अख्खं खातंच थांबवलं. शनिवार होता. कामगारांचा आठवडा अडकला. त्या घरच्या वहिनींनी गळ्यातलं गहाण ठेवून पगार केला. त्यांचा काय गुन्हा होता? माल विकला, बिल दिलं, जीएसटी भरला. अशा वेळी घाबरून गप्प बसू नका. बँकेकडून लेखी घ्या: कुठल्या पोलीस ठाण्याचं पत्र, तक्रार क्रमांक काय, किती रकमेवर होल्ड. मग बिल, पोच आणि गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं जोडून त्या पोलीस ठाण्याला आणि आपल्या सायबर पोलिसांना ईमेल करा, आणि होल्ड वादातल्या रकमेपुरताच ठेवावा अशी लेखी मागणी करा. इथंही तेच पाकीट उपयोगी पडतं. आणि सगळा धंदा एकाच खात्यावर ठेवू नका. पगाराचं खातं वेगळं ठेवा.

लष्करातल्या साहेबाचा फोन तर आता गावात बऱ्याच जणांना आला असेल. "युनिटसाठी दोनशे चादरी हव्यात, पैसे लगेच पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा." ओळखपत्राचा फोटोही पाठवतात. तुमच्या कारखान्यातल्या शेवटच्या मुलापर्यंत हे पोहोचवा: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, क्यूआर स्कॅन करणारा पैसे देत असतो. पेमेंट झाल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, आणि मोबाइलवर आलेला जमा झाल्याचा मेसेज म्हणजेही नव्हेत, तो कुणीही पाठवू शकतो. बँकेचं ॲप उघडून बघायचं. दोनशे चादरींची ऑर्डर हातून जाईल या धाकानं आपण घाई करतो, आणि त्यांना हवी असते ती घाईच.

ज्यांची स्वतःची साइट आहे त्यांनी साइट बनवणाऱ्याकडून दोन गोष्टी तपासून घ्या. पहिली, पेमेंट झालं हे गिऱ्हाइकाच्या ब्राउझरच्या सांगण्यावरून मानलं जातं, की पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडून रकमेसह खात्री होते? एका गणवेशवाल्यांच्या साइटवर ती खात्री नव्हती. कुणीतरी वाटेतच रक्कम बदलली, १ रुपया भरला, आणि साइटनं २,८०० रुपयांची ऑर्डर पक्की केली. अशा अकरा ऑर्डरी निघून गेल्यावर हिशेबनिसाच्या लक्षात आलं. दुसरी, कार्डं तपासणाऱ्या टोळ्या. चोरलेली कार्डं चालू आहेत का हे बघायला त्यांना छोट्या रकमेची दुकानं लागतात. रात्रीत शेकडो छोटे प्रयत्न, सगळे नापास, मधेच दोन-चार पास, असं दिसलं तर विक्री वाढली असं समजू नका. एका ठिकाणाहून किती प्रयत्न करता येतील याला मर्यादा घालायला सांगा, आणि पास झालेले व्यवहार त्याच दिवशी परत करा. नाहीतर पुढं प्रत्येकाचा चार्जबॅक येतो, आणि प्रमाण वाढलं की पेमेंट कंपनी सेटलमेंटच रोखते.

कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवून घेण्याची सवय काही जणांना अजून आहे. कृपा करून ती आजच बंद करा. गिऱ्हाइकाच्या कार्डाचे नंबर साठवून ठेवायला १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना परवानगीच नाही, मागचे तीन आकडे तर कुणीही कधीच ठेवायचे नसतात.

आता संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती.

आपण यंत्रमागाच्या विजेच्या दरासाठी मोर्चे काढले, सुताच्या भावासाठी निवेदनं दिली. त्याच ताकदीनं हा विषय उचला. एकट्या कारखानदाराला पेमेंट कंपनीचा माणूस फोनवर सापडत नाही, दोनशे जणांच्या सहीचं पत्र मात्र वाचावं लागतं. बँका आणि पेमेंट कंपन्यांकडं चार गोष्टी मागा. चार्जबॅकची सूचना फक्त ईमेलवर नको, एसएमएस आणि फोनवरही हवी, आणि मराठीतही हवी. आपल्या हातात उत्तरासाठी प्रत्यक्षात किती दिवस राहणार, ते करार करतानाच स्पष्ट लिहून द्या. कारण काय आणि कोणता पुरावा चालेल, हे सूचनेतच सांगा. आणि खात्यावर होल्ड लावताना वादातल्या रकमेपुरताच लावा. यातली एकही मागणी ग्राहकाचा हक्क कमी करत नाही.

शहर आणि ग्रामीण, दोन्ही पोलीस दलांच्या सायबर अधिकाऱ्यांना वर्षातून एकदा तरी पूर्व भागात बोलवा. बैठक चाटी गल्लीतल्या हॉटेलात नको, मागाच्या पाळ्या सुटतात त्या वेळी, त्या वस्तीत घ्या, आणि बोलणं मराठीबरोबर तेलुगूतही होऊ द्या. फोन उचलणारी, क्यूआर स्कॅन करणारी पोरं तिथली आहेत. एक मुद्दा त्यांच्याकडून वदवून घ्या: फसवणूक कळल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत १९३० वर फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत थांबवता येण्याची शक्यता असते. आपण व्यापारी काय करतो? अब्रू जाईल म्हणून दोन दिवस कुणाला सांगत नाही. यंत्रमागवाल्याला चोरानं लुटलं तर अब्रू चोराची जाते, आपली नाही. हे वडीलधाऱ्यांनी उघडपणे म्हटलं तर तरुण बोलायला लागतील.

आणि अशोक चौकातल्या त्या काकांचं. त्यांच्या प्रकरणाची मुदत गेली होती, पण आम्ही गिऱ्हाइकाला शोधून फोन केला. मुलानं वडिलांच्या कार्डावर टॉवेल मागवले होते, वडिलांना पत्ताच नव्हता. त्यांनी बँकेला लेखी कळवलंय, पैसे अजून आलेले नाहीत. काकांनी त्याच दिवशी पेमेंट कंपनीकडचा ईमेल पत्ता बदलून घेतला, आता तो सुनेचा आहे. ती रोज सकाळी माग सुरू व्हायच्या आधी बघते.

दर शनिवारी दुपारी चार ते सहा मी आमच्या पॅकिंगच्या खोलीत असते. संघटनेनं जागा दिली तर तिथं बसेन. चार्जबॅकचा ईमेल, गेल्या तीन महिन्यांचं सेटलमेंटचं स्टेटमेंट आणि त्या ऑर्डरीचे मिळतील तेवढे कागद घेऊन या. फी नाही. येताना हिशेब बघणाऱ्या सुनेला किंवा लेकीला सोबत आणा.

आपली,
पूर्व भागातली एक चादर-टॉवेल विक्रेती
सोलापूर